माडावरचा क्रमांक

इ.स. १८६२ मध्ये ब्रिटिश संसदेने हॉप या पिकावरचा दीडशे वर्षे चालत आलेला कर उठवला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८७८ मध्ये, त्याच साम्राज्याच्या मुंबई सरकारने अबकारी कायदा संमत केला आणि रत्नागिरीच्या परसातला माड सरकारी वहीत पक्का नोंदला गेला. हॉप बिअरसाठी लागते, माड माडी देतो. दोन्ही घराच्या कुंपणात वाढू शकतात, दोन्हींची लागवड सामान्य कुणबी करू शकतो. तरीही एकीची करातून सुटका झाली आणि दुसऱ्याच्या बुंध्यावर क्रमांक पडला. असे का घडले, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या नीतिकल्पनांपेक्षा या दोन वनस्पतींच्या स्वभावात अधिक सापडते. हा धागा त्याविषयी आहे.

प्रथम हॉपची ओळख करून घेऊ, कारण आपल्याकडे हे नाव बिअरच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. हॉप ही थंड प्रदेशातली बहुवर्षायू वेल. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती भांगेच्या कुळातली. नर आणि मादी वेली वेगळ्या. बिअरला लागतात ती मादी वेलीची शंकूसारखी फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळसर, चिकट पूड असते आणि तिच्यात कडवटपणा व सुगंध असतो. बी पेरून हॉप लावत नाहीत, कारण मग निम्मी रोपे नर निघण्याचा धोका. हळदीची किंवा आल्याची लागवड करणाऱ्या माणसाला हॉपची रीत चटकन समजेल: जमिनीखालच्या आडव्या खोडाचे डोळे असलेले तुकडे करायचे, वसंताच्या आरंभी ते मातीत पुरायचे, कोंब वर आले की निवडक दोनचार ठेवून बाकीचे खुडायचे आणि उंच दोरीवर वेल चढवायची. एका वेलीपासून शेजारपाजाऱ्यांना पुरतील इतके तुकडे निघतात. इंग्लंडात केंट परगणा या पिकासाठी प्रसिद्ध होता.

ही वेल रत्नागिरीत का रुजली नाही, याचे कारण केवळ उष्मा नव्हे. हॉपला फुलण्यापूर्वी उन्हाळ्याचे लांब दिवस आणि हिवाळ्याची कडक विश्रांती दोन्ही लागतात. रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून किंचितच मोठा. वेल जगली तरी तिचे शंकू पोटभर मिळत नाहीत. म्हणून भारतात हॉपचे प्रयोग झाले ते उत्तरेत: एकोणिसाव्या शतकात काश्मीरमध्ये, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात.

हॉपचे खरे काम चवीपेक्षा टिकवण्याचे. धान्याची बिअर काही दिवसांत आंबट होते. हॉपमधली कडू द्रव्ये आंबट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात. बाराव्या शतकात जर्मनीतली हिल्डेगार्ड ही विदुषी जोगीण हॉपच्या या गुणाची नोंद करून गेली. बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी जव, हॉप आणि पाणी एवढेच मान्य केले गेले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात लंडनहून मुंबईपर्यंतचा कित्येक महिन्यांचा जलप्रवास सोसण्यासाठी बिअरमध्ये हॉप मुद्दाम जास्त घालू लागले. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापाराची आठवण आहे. गोऱ्या शिपायाच्या पेल्यात केंटचे हॉप अशा रीतीने मुंबई बंदरावर उतरत होते.

टिकणारी वस्तू व्यापाऱ्याला सोयीची असते, तशी कर घेणाऱ्यालाही. इंग्लंडात १७११ मध्ये हॉपवर कर बसला तो वाळलेल्या मालावर, पौंडामागे एक पेनी. त्याच वेळी बिअरमध्ये हॉपखेरीज दुसरा कडू पदार्थ घालण्यास बंदी झाली, म्हणजे करातून पळवाट राहू नये. हॉप वाळवून पोत्यात भरल्यावर सरकारी माणूस वजन करी. १७७४ च्या कायद्याने पोत्यावर मालकाचे नाव, गाव आणि पिकाचे वर्ष लिहिणे सक्तीचे झाले. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिक्का पोत्यावर होता, वेलीवर नव्हता. शेतकऱ्याच्या कुंपणावरची वेल वाळून वजनाच्या काट्यावर येईपर्यंत तिला हात लावण्याची कराला गरज नव्हती. पुढे १८६२ मध्ये हॉपचा कर गेला. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने जवाच्या माल्टवरचा करही काढून तो तयार बिअरवर आणला. घरी पिण्यापुरती बिअर करणाऱ्याला मात्र त्या वर्षापासून परवाना घ्यावा लागे. ती अट १९६३ मध्ये सुटली.

आता कोकणात येऊ.

रत्नागिरीकर नारळाच्या झाडाला 'माड' म्हणतो. फळ नारळ, झाड माड. समुद्रालगतच्या रेताड पट्ट्यातली बाग ती 'आगर'. माडाचे तुकडे करून किंवा फांदी लावून रोप होत नाही. त्याला फांदीच नाही. एक कोंब, एक खोड, आणि त्या कोंबाला भुंग्याने पोखरले तर झाड संपले. म्हणून सारा भरवसा बियाण्याच्या नारळावर. चांगला माळी आधी मातृवृक्ष निवडतो: वीस वर्षांहून जुना, दर वर्षी नेमाने धरणारा, आखूड व भक्कम झावळ्यांचा. त्याचा अकरा-बारा महिने पिकलेला नारळ उतरवायचा, तो खाली आपटू द्यायचा नाही, सावलीत ठेवायचा आणि पावसाच्या तोंडावर रेतीमिश्रित वाफ्यात सोडणासकट पुरायचा, वरचा भाग थोडा उघडा राहील असा. तीन ते पाच महिन्यांत कोंब दिसतो. जो नारळ लवकर उगवतो त्याचे रोप जोमदार, ही जुन्या बागायतदारांची परीक्षा आजच्या कृषिशास्त्रानेही मान्य केली आहे. उशिरा उगवणारे नारळ काढून टाकतात. नऊ ते बारा महिन्यांचे, जाड मानेचे, पाच-सहा पानांचे रोप खड्ड्यात जाते. दोन झाडांत साधारण साडेसात मीटर अंतर. आणि मग वाट पाहणे: कोकणातली उंच जात, जिला 'बाणवली' म्हणतात, सहा ते आठ वर्षांनी पहिली पोय टाकते.

पोय म्हणजे माडाचा फुलोरा, होडीसारख्या टणक आवरणात बंद असलेला. येथे मालकापुढे निवड उभी राहते. पोय उघडू दिली तर नारळ. बंद असतानाच बांधली तर रस. दोन्ही एकाच पोयीतून मिळत नाहीत. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात हे नेमके टिपले आहे: फळासाठी ठेवलेले माड वेगळे आणि सूर काढण्यासाठी ठेवलेले वेगळे. याच ओर्ताकडे काही काळ मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते, तेव्हा माडांच्या बागा त्याने केवळ पुस्तकात पाहिलेल्या नव्हत्या.

रस काढणे हे कष्टाचे आणि हळुवार हाताचे काम आहे. न उघडलेल्या पोयीला दोरीने गच्च आवळतात, मग काही दिवस तिला चहूबाजूंनी हलके ठोकतात. जोर जास्त झाला तर आतला गाभा सडतो, कमी झाला तर रस सुटत नाही. त्यानंतर टोकाची पातळ चकती कापतात आणि खाली मडके टांगतात. रोज सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून पोयीचे टोक पुन्हा ताजे कापावे लागते, नाहीतर जखम भरते आणि धार आटते. एका माणसाच्या अंगावर असे अनेक माड. पावसाळ्यात शेवाळलेल्या बुंध्यावर, खोडात पाडलेल्या खाचांत अंगठा रोवून पन्नास-साठ फूट वर जाणे म्हणजे काय, हे कोकणातल्या ज्या घरात माणूस माडावरून पडला आहे त्या घरालाच ठाऊक.

पोयीतून टपकतो तो रस गोड असतो. पण मडक्यात पडता क्षणीच हवेतली आणि मडक्याच्या भिंतीला चिकटलेली यीस्ट त्याला आंबवू लागते. सकाळचा गोड रस दुपारपर्यंत फेसाळलेली माडी होतो, तिच्यात बिअरइतका मद्यांश येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच माडी शिरक्याच्या वाटेला लागते. बिअर करणाऱ्याला धान्य भिजवावे, मोडवावे, उकळावे लागते, हॉप घालावे लागते, यीस्ट राखावी लागते. माडीला यातले काहीच लागत नाही. मात्र हॉपसारखा राखणदारही तिच्यापाशी नाही. ती साठवता येत नाही, दूर पाठवता येत नाही. जेथे झाड तेथेच, त्याच दिवशी पिण्याचे हे पेय.

अबकारी खात्याची अडचण नेमकी येथे होती. 'अबकारी' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ पाण्याचे, म्हणजे मद्याचे, काम. जे पेय भट्टीतून निघते त्याला पहारा बसवता येतो, जे पिंपात साठते ते मोजता येते. पण हजारो घरांच्या परसात, साठ फूट उंचीवर, दिवसातून दोनदा भरणारे आणि संध्याकाळपर्यंत रिते होणारे मडके कोण मोजणार? गोदामात येईल असा माल नाही, वजनाचा काटा नाही, शिक्का मारायला पोते नाही. स्थिर राहणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खुद्द झाड. म्हणून मोजमाप झाडावर आले.

माडावर काही ना काही आकारणी जुन्या राजवटींतही होती. कंपनी सरकारच्या काळात मद्याचे उत्पन्न बहुधा मक्त्याने दिले जाई: एखाद्या टापूचा हक्क लिलावात घ्यायचा आणि ठरलेली रक्कम सरकारात भरायची. ही पद्धत ढिली होती, आणि तिच्या ढिलेपणात गावकऱ्याला श्वास घ्यायला जागा होती. १८७८ च्या पाचव्या क्रमांकाच्या कायद्याने ती जागा आवळली. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्यात नवी व्यवस्था उभी राहिली. गाळीव दारू थोड्या, मोठ्या, पहारा ठेवता येईल अशा भट्ट्यांत आणायची. माडी-ताडीवर झाडपट्टी बसवायची. परवान्यावाचून रस काढणे हा गुन्हा. ज्या झाडाचा परवाना घेतला त्याच्यावर खूण, क्रमांक. झाडाच्या बुंध्याशी बसून माडी विकायची तर त्याचाही परवाना.

झाडपट्टीचा गुण असा की ती झाड पाहते, रस पाहत नाही. म्हातारा माड असो की भर जोमातला, आकारणी एकच. ज्याच्या परसात दोन-चार माड, त्याला आपल्यापुरता रस काढणे परवडेनासे झाले. ज्याच्याकडे शंभर झाडांची रक्कम भरण्याचे भांडवल, त्याला ते परवडले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात या प्रक्रियेचा अभ्यास केला आहे. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच रूढीचे रूपांतर गुन्ह्यात झाल्याचे सुचवले आहे. सौम्य आणि स्वस्त माडी-ताडी महागली तर लोक सरकारी भट्टीच्या कडक दारूकडे वळतात, आणि तिचा प्रत्येक थेंब करास पात्र असतो. ज्या सरकारने मद्यपान कमी करण्याची भाषा केली त्याच्याच धोरणाने सौम्य पेयाच्या जागी तीव्र पेय आणले, हा आक्षेप त्या काळातही घेतला गेला आणि तो गैर वाटत नाही.

कोकणच्या उत्तरेकडे हेच तर्कशास्त्र आणखी पुढे गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांपासून घरोघरी दारू निघे. १८९२ च्या कायद्याने तेथे मोहाची फुले गोळा करणे आणि बाळगणे यांवरच निर्बंध आले. रानातले फूल, जे आदिवासी घरात दुष्काळात अन्न म्हणूनही उपयोगी पडे, ते वेचणे संशयास्पद ठरले. माड निदान कापला तरच दोषी होत होता; मोहाचे फूल तर नुसते वेचले तरी.

रत्नागिरीच्या बाजूला या साऱ्याचा भार ज्यांच्यावर पडला तो समाज म्हणजे भंडारी. त्यांच्या नावाची एक व्युत्पत्ती भांडाराशी जोडतात, दुसरी मद्य काढणाऱ्यासाठीच्या एका संस्कृत शब्दाशी. दोन्हींचे पुरस्कर्ते आहेत. माडावर चढणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय असला तरी त्यांची ओळख तेवढीच नव्हती. शिवछत्रपतींच्या आरमारात मायनाक भंडारी हे नाव खांदेरीच्या १६७९ च्या संग्रामाशी जोडलेले आहे. इंग्रजांनी मुंबई घेतल्यावर तेथल्या रक्षणाच्या फौजेत भंडारी घेतले गेले. उंच झाडावर रोज दोनदा चढणारा माणूस डोलकाठीवर चढायला घाबरत नाही, हा तर्क तेव्हाच्या सेनापतींनाही सुचला असणार.

मुंबईतही भंडाऱ्यांच्या वस्तीची खूण माडांच्या वाड्यांशी निगडित होती. माहीम, गिरगाव, दादर या परिसरात एकेकाळी नारळीची दाट राई होती. शहर वाढले, वाड्यांवर चाळी उभ्या राहिल्या. 'वाडी' हे नाव उरले, माड गेले. रत्नागिरीतून मुंबईकडे जो मोठा ओघ गिरण्यांत आणि गोदीत गेला त्यात भंडारी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. हा ओघ केवळ अबकारीमुळे लागला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. खोतीचा जाच, तुटपुंजी भातशेती आणि मुंबईची रोख मजुरी ही कारणे अधिक बलवान. तरी ज्याच्या पिढीजात कौशल्यावर परवान्याचे कुलूप पडले त्याला गाव सोडणे थोडे सोपे झाले असेल, एवढे मानायला हरकत नाही. याच समाजातून रत्नागिरीचे भागोजी कीर पुढे आले. गरिबीतून मुंबईत कंत्राटदार झालेल्या या गृहस्थांनी १९३१ मध्ये रत्नागिरीत सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर बांधले. याच समाजाचे सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला. माडाखालून निघालेल्या माणसांची मजल कोठवर गेली, हे येथे नोंदवणे अवांतर असले तरी आवश्यक आहे, कारण 'माडी काढणारे' या एका शब्दात त्यांना बसवण्याची खोड जुनी आहे.

सरकारच्या अबकारी धोरणाला महाराष्ट्रात विरोध झाला तो मात्र बहुतांशी माडी काढणाऱ्याच्या बाजूने नव्हे, तर दारूच्याच विरोधात. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांना परवाने देण्याविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०८ मध्ये पुण्यातल्या दारूच्या दुकानांवर स्वयंसेवकांचे पहारे बसवले. दोघांचाही रोख योग्य ठिकाणी होता: महसुलासाठी सरकार दुकाने वाढवते. पण या वादात परसातल्या माडाचा मालक कोणाच्याच बाजूला बसत नव्हता. सरकारच्या लेखी तो करबुडवा होण्याची शक्यता असलेला, सुधारकाच्या लेखी व्यसनाचा पुरवठादार.

गांधीजींच्या चळवळीत हा पेच तीव्र झाला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाबरोबर सुरत जिल्ह्यात ताडीची हजारो झाडे तोडली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मीठ आणि माडी यांची तुलना येथे मोह घालते. समुद्राचे पाणी आटवून मीठ करणे आणि माडाच्या पोयीतून रस घेणे, दोन्ही निसर्गदत्त, दोन्ही घरगुती, दोन्हींवर सरकारने आपला हक्क सांगितलेला. मिठाच्या बाबतीत राष्ट्रीय चळवळीने म्हटले, हा हक्क लोकांचा आहे. माडीच्या बाबतीत ती तसे म्हणाली नाही, म्हणू शकत नव्हती. रोजगार बुडणाऱ्या कुटुंबांची जाणीव मात्र गांधीजींना होती. म्हणून नीरेचा आणि ताडगुळाचा पुरस्कार झाला. १९३४ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने हे काम हाती घेतले. रस तोच, झाड तेच, चढणारा तोच. फक्त मडक्याला आतून चुना फासायचा. चुन्यामुळे आंबणे लांबते आणि सूर्योदयापूर्वी उतरवलेला रस गोड राहतो. तो प्यावा किंवा आटवून गूळ करावा. हॉप बिअरसाठी जे करते त्याच्या उलट काम येथे चुना करतो: हॉप मद्याला आंबट होण्यापासून वाचवते, चुना गोडाला मद्य होण्यापासून.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि १९५० मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, गृहखाते मोरारजी देसाईंकडे. योगायोग असा की कोकणची खोती नष्ट करणारा कायदाही १९४९ चाच. रत्नागिरीच्या शेतकऱ्याला जमिनीवरचा मधला धनी नाहीसा झाल्याचा आनंद होत असताना त्याच्या माडावरचा सरकारी हात अधिक घट्ट झाला. इंग्रजांच्या कायद्याने निदान पैसे भरून रस काढता येत होता. नव्या कायद्याने माडी काढणे आणि आपल्या झाडावर ती काढू देणे, दोन्ही गुन्ह्यांत आले; चढणाऱ्याबरोबर झाडाचा मालकही जबाबदार. नीरेसाठी वेगळ्या परवान्याची सोय ठेवली. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ताडासाठी 'ब्रॅब' असा शब्द आहे. तो पोर्तुगीजांच्या 'रानटी माड' या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश. इंग्रजीतला 'टॉडी' हा शब्दही आपल्या ताडीचाच. शब्द किनाऱ्यावरून इंग्रजांच्या कायद्यात गेले आणि तेथून गुन्ह्याचे नाव होऊन परत आले.

या बंदीचा एक परिणाम पिणाऱ्यांच्या यादीत कधीच मोजला गेला नाही. माडी केवळ पेय नव्हती. किनाऱ्याच्या स्वयंपाकघरात ती यीस्ट होती. गोव्याचा पाव पूर्वी सुरेवर फुगत असे, तिथल्या सान्नांचे पीठ तिच्यानेच आंबे. वसईच्या ख्रिस्ती घरांत सणाचे फुगे ताडीवर फुगवत. मांसाला लागणारा शिरका तिचाच. बाजारातल्या पुडीतली यीस्ट आली तेव्हा काम चालू राहिले, चव बदलली.

साठच्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. परवान्याची माडी पुन्हा दिसू लागली, पण मधल्या दीड दशकात झाडावर चढण्याची विद्या मुलाला देण्यात पुष्कळ घरांचा खंड पडला होता. मुलगा मुंबईला होता. आज नारळ उतरवायलाही माणूस मिळत नाही, ही तक्रार कोकणच्या प्रत्येक गावात ऐकू येते; यंत्राने माडावर चढण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते. पोय ठोकून रस आणणारा हात त्याहून दुर्मीळ.

१९४९ चा तो कायदा, आता महाराष्ट्राच्या नावाने, अजून लागू आहे. शहरातला एखादा हौशी तरुण हॉपचे वाळवलेले शंकू मागवून घरी बिअर करू म्हणेल तर त्यालाही परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई करणारा हाच कायदा आडवा येतो. अमेरिकेत घरच्या बिअरला केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक मिळाली, मुंबईच्या अबकारी कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. इंग्लंडातल्या माळ्याने तर परसात हॉप लावावी, फुले खुडावी, पिंप भरावे. विकत नाही तोवर कोणी विचारत नाही.

रत्नागिरी शहराजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, आता ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे. बाणवली जातीतून निवडलेला 'प्रताप' हा वाण येथलाच. पावसाळ्याच्या आधी बागायतदार असे रोप घेऊन जातात, खड्डा खणतात, त्यात रेती, शेणखत आणि जुन्या रीतीप्रमाणे मूठभर मीठ टाकतात. रोप कोठे लावले, किती लावली, हे अबकारी खात्याला कळवावे लागत नाही. परवाना लागतो तो पोयीला दोरी बांधायच्या दिवशी.